पाच मिनिटं ब्लीचमध्ये

३ मार्च, सोमवार

वन्सं गेल्या तेव्हा वाटलं होतं, सुटले. कसली सुटतेय! आज त्या पुन्हा घरात आल्या, आणि या खेपेला कायमच्या राहायला.

झालं असं की मुंगीच्या बुरशीचा निकाल आला. मुंगी म्हणजे वन्संची लेक, आमची भाची. वन्सं गेल्यापासून आमच्याकडेच राहते आणि लॅबमध्ये माझ्याच हाताखाली संशोधन करते. सारखी काहीतरी उचलून लगबगीनं कुठेतरी चाललेली असते, म्हणून ह्यांनी लहानपणी मुंगी नाव पाडलं ते चिकटलं. आमचं काम काय ते सांगितलं की लोक नाक मुरडतात. औषधी झाडांच्या आत, अगदी पानामुळांच्या पेशींमध्ये, झाडाचं काही न बिघडवता गुपचूप राहणाऱ्या बुरश्या असतात. त्या बाहेर काढायच्या, प्लेटमध्ये वाढवायच्या आणि ही कोण, कुणाच्या कुळातली ते ओळखायचं. खोकल्यावर पाला उकळून देतात ते वन्संचं खोकल्याचं झाड आमच्या गॅलरीत आहे, तेलाच्या जुन्या डब्यात लावलेलं. त्याच्या मुळातून मुंगीनं एक काढली होती. पांढरी, महामंद वाढणारी, खालून बघितली तर पिवळी. तिची जनुकं तपासायला पाठवली होती. आज कळलं की आजवर नोंदलेल्या कुठल्याच बुरशीशी तिचं जवळचं नातं लागत नाही. म्हणजे नवी.

जेवताना मुंगी म्हणाली, "मामा, नवी निघाली की नाव आपण ठेवायचं असतं. मी आईचं ठेवणार."

ह्यांचे डोळे भरले. घास हातात तसाच. "म्हणजे पुस्तकात छापणार? ताईचं नाव?"

"पुस्तकात काय मामा, जगात कुणीही ती बुरशी पाहिली की आईचंच नाव घ्यावं लागणार. शंभर वर्षांनीसुद्धा."

शिवाय मुंगीनं अर्ज केलेली ती परदेशी बुरशी-संग्रहालयातली नोकरी. नवी बुरशी सिद्ध झाली तर तिथं हिची निवड नक्की, मेअखेरपर्यंत कागद पोचायला हवेत. त्यावर सही माझी. मी म्हटलं, "छान." आणि ह्यांना भात वाढला.

५ मार्च, बुधवार

ह्यांना वाटतं मी वन्संवर उगाच राग धरला. उगाच? मी लग्न होऊन आले तेव्हा माझं डॉक्टरेटचं काम चालू होतं. पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं बाईंनी. "वहिनी, तुम्ही अभ्यास करा, हे सगळं मी बघते." सगळ्यांच्या देखत! म्हणजे मला चूल पेटवता येत नाही हे घरभर जाहीर झालं. पुढं तीन वर्षं डबा करून दिला मला, रोज, न चुकता. लोक म्हणायचे नशीबवान आहेस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी आख्ख्या गल्लीला पेढ्यासारखी बातमी वाटत फिरल्या, जशी काही त्यांनाच मिळाली.

आणि शेवटी, हॉस्पिटलात, खोकून खोकून आवाज गेलेला, तरी माझा हात धरून म्हणतात, "वहिनी, हिला तुमच्यासारखी करा." घ्या! जाता जाता ओझंसुद्धा माझ्याच डोक्यावर.

माझ्या नावानं काय आहे? एकतीस वर्षं बुरश्या ओळखतेय. सगळ्या जुन्याच निघाल्या.

१० मार्च, सोमवार

आज मुंगीला टेबलाशी बसवून सांगितलं, "एकदा निघाली म्हणजे झालं असं नसतं. पुन्हा काढून दाखव."

"दोन तुकड्यांतून निघालीय, मामी."

"एकाच दिवशी, एकाच हवेत. म्हणजे एकदाच."

मान डोलावली. यात मी वावगं काहीच बोलले नाही. मूळ बाहेरून नीट स्वच्छ केलं नाही तर मातीतली, हवेतली, नाहीतर आपल्याच बोटावरची कुठलीतरी बुरशी उगवते आणि आपण नाचतो, झाडात सापडली, झाडात सापडली! म्हणून मूळ आधी ब्लीचमध्ये बुडवायचं. मुंगी एक मिनिट बुडवते. इतक्या बारीक मुळांना सगळे तेवढंच बुडवतात, मीसुद्धा. मी म्हटलं, "या खेपेला पाच."

"पाच? मामी, दोऱ्यासारखी मुळं आहेत. ब्लीच आतपर्यंत जाईल. आतलंही मरेल."

"खरंच आतली असेल तर तग धरेल. दारावर थाप पडली म्हणून घरचं माणूस पळून जात नाही."

हसली. "बरं, पाच."

खरं सांगायचं तर पाच मिनिटांत मरतं. बहुतेक वेळा. पण मरतंच, असं कुणी लिहून दिलंय? उद्या कुणी बोट दाखवलं तर माझी सही आहे खाली. कडक असलेलं बरं.

२ एप्रिल, बुधवार

पहिल्या खेपेला काही उगवलं नाही. प्लेटा धुतल्या भांड्यासारख्या लख्ख. मुंगी रोज सकाळी चहाच्याही आधी लॅबमध्ये जाऊन त्या उजेडाला धरून बघत बसायची. शेवटी मीच म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी कशाला? नवी मुळं घे."

नवी मुळं घ्यायची म्हणजे झाड डब्यातून उपटायचं, अर्धी मुळं कापायची, पुन्हा लावायचं. गॅलरीत कागद पसरून बसली. माती चाळणीतून चाळावी तशी बोटांनी मोकळी करत होती, एकेक मूळ सोडवत. तोंडानं झाडाशी काहीतरी पुटपुटत होती. वेडी.

हे दारात उभे. "एवढं कापलं तर जगेल का ते?"

"जगेल की! झाड आहे, माणूस आहे का?"

"ताईनं लावलेलं आहे गं."

"मग ताईच्याच नावासाठी चाललंय हे. हातानं उपटतेय ती, मी नाही."

गप्प बसले. ह्यांना गप्प बसवायला कधीच फार वेळ लागत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

दुसऱ्या खेपेलाही काही नाही. झाडानं माना टाकल्या, पानं काळी पडली. मुंगी म्हणाली, "मामी, या वेळी एक मिनिटच करू? निदान एका प्लेटला?"

मी सगळ्या लॅबसमोर म्हटलं, "निकाल हवा तसा येईना म्हणून नियम वाकवायचा? नाचता येईना अंगण वाकडं!" बाकीची पोरं हसली. हिची मान खाली. कान लालभडक झाले होते. जरा जास्तच बोलले का मी? पण शिस्त सगळ्यांना सारखी. स्वतःच्या भाचीला सूट दिली तर उद्या लोक काय म्हणतील?

उरलीसुरली मुळं, खोडाचा तळ, सगळं कापलं तिनं. पाच मिनिटं. घड्याळ मी धरून उभी होते.

३० एप्रिल, बुधवार

काही नाही.

संध्याकाळी तिला माझ्या खोलीत बोलावलं. मनात म्हटलं, आता गोड बोलायचं. मारून झाल्यावर फुंकर घालणारंही कुणी लागतं. म्हटलं, "हे बघ बाळा, एकदा आली नि पुन्हा कधीच आली नाही, याचा अर्थ तूच सांग मला."

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "कंटॅमिनेशन."

"म्हणजे?"

"हवेतून पडली असेल. झाडात नव्हतीच."

तिच्याच तोंडून वदवलं, बरं वाटलं. आपण सांगितलेलं माणूस विसरतं, स्वतः बोललेलं विसरत नाही. पुढं मात्र जे म्हणाली ते मला अपेक्षित नव्हतं. "मामी, बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर मी आईचं नाव कुठल्यातरी घाणीला दिलं असतं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस न विंचरलेले.

२ मे, शुक्रवार

आज तिनं त्या बुरशीच्या जुन्या सगळ्या नळ्या स्वतःच ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर, वाफेच्या दाबाखाली आत असेल ते सगळं मरतं. मी सांगितलं नव्हतं हं. म्हटलं होतं फक्त, "भलतं काही फ्रीजमध्ये राहू देऊ नये, बाकीच्यांना लागतं." नळ्या एकेक करून पिशवीत ठेवत होती, अंडी ठेवावीत तशा. कुकरचं झाकण लावून तिथंच भिंतीला टेकून बसली. काटा चढला, उतरला, तरी उठेना. शिपायानं येऊन विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

संग्रहालयालाही तिनं कळवून टाकलं की माझं नाव काढा. सुंठीवाचून खोकला गेला. माझ्या सहीचा प्रश्नच उरला नाही.

हे रात्रीचं जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल.

१८ मे, रविवार

मुंगी गेली. दुसऱ्या गावात सरबतं आणि मुरंबे भरणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. बाटल्यांत बुरशी आलीय का ते तपासायचं. म्हटलं, "अगं, शिकलेलं फुकट नाही गेलं, बुरशीच आहे की!" कुणी हसलं नाही. एवढी वर्षं पोसली, शिकवली, आणि जाताना मामाच्या गळ्यात पडून रडते. मला वाकून नमस्कार. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

घर मोठं वाटतंय. चांगलं हवेशीर.

६ जून, शुक्रवार

गॅलरी आवरायला घेतली. तो तेलाचा डबा भंगारात द्यायचा म्हणून माती उलटी केली, तर तळाशी, गंजलेल्या कडेला चिकटून, एक मूळ. बोटभर. पिळून बघितलं, ओलं. जिवंत.

फेकायला हात उचलला होता. मग का कोण जाणे, ओल्या कापडात गुंडाळून लॅबमध्ये नेलं. तीन तुकडे पाडले, एका प्लेटवर लावले. ब्लीच एक मिनिट. सवयीनं. सवयीनंच झालं ते, एकतीस वर्षांची सवय आहे.

बरं, नुसतं बघायचं. मुंगी म्हणाली तेच खरं असणार, काही उगवणार नाही, आणि माझा जीव एकदाचा खाली पडेल. तो वर का आहे, हा वेगळा प्रश्न.

२७ जून, शुक्रवार

उगवली.

तीन तुकड्यांपैकी एकातून. मसुराच्या डाळीएवढी. पांढरी. प्लेट उलटी केली, खालून पिवळी.

दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसले. म्हणजे होती. आतच होती. पोर खरं बोलत होती आणि मी घड्याळ धरून उभी होते.

पहिला विचार आला, फोन करावा. नंबर लावलासुद्धा, वाजायच्या आत ठेवला. काय सांगणार? सांगितलं तर ती विचारणार, ब्लीच किती मिनिटं? आणि जागा तर गेलीच आता, संग्रहालयानं दुसरं माणूस घेतलं. झाड मेलं. मग जखमेवरची खपली काढायची कशाला? ती आता कुठं रुळतेय तिथं. मनाला शांतता आहे तिच्या. माणसानं दुसऱ्याच्या शांततेचा विचार करावा.

हो, आणि वाया घालवायची तरी का? विज्ञान काही कुणाच्या मामाचं नाही.

४ जुलै, शुक्रवार

साहेबांना दाखवली. साहेब म्हणजे आमचे संचालक, त्यांना बुरशीतलं ओ की ठो कळत नाही, पण ‘नवीन’ शब्द बरोबर कळतो. खुर्चीतून उठले. "मॅडम, अहो, हे आधी का नाही सांगितलंत? पुढच्या सभेत मी जाहीर करतो." विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, त्याबद्दलही पुटपुटले.

नावाचं काय? आमच्यात स्वतःचं नाव स्वतः ठेवत नाहीत, लोक हसतात. दुसऱ्या कुणाचं तरी ठेवावं लागतं. दोन दिवस विचार केला. आईचं? आई म्हणायची, मुलगी शिकवली की डोक्यावर बसते. ह्यांचं? ह्यांचं नाव दिलं तर ते विचारतील, ताईचं का नाही. गुरूंचं? त्यांनी माझा शोधनिबंध स्वतःच्या नावावर छापला होता. मैत्रीण अशी कुणी नाही. शेवटी साहेबांचं ठेवायचं ठरवलं. साहेब लाजले. दगडापेक्षा वीट मऊ.

वाढ फारच मंद आहे. दुसऱ्या प्लेटमध्ये तुकडा न्यावा एवढीसुद्धा झालेली नाही. उतावीळपणा केला तर आहे तीही मरेल. सोमवार, चौदा तारखेला चार नळ्या भरेन, म्हणजे निश्चिंत.

१२ जुलै, शनिवार

झालं ते आधी लिहून काढते.

दुपारी लॅबमध्ये मी एकटीच. शनिवारी बाकीचे अर्ध्या दिवसानं जातात. प्लेट टेबलावर, दिव्याखाली, फोटो काढत होते. दार वाजलं आणि मुंगी आत. न कळवता! कारखान्यात अनुभवाचा दाखला मागितलाय, म्हणून आली. वाळलीय. नेहमीचा चष्माही लावलेला नव्हता.

"बस ना गं. दाखला लिहिते," म्हणून मी कागद शोधायला वळले. वळायला नको होतं. परत बघते तर प्लेट तिच्या हातात. उलटी करून पिवळा भाग बघितला. मग झाकणावरची चिठ्ठी. माझ्याच अक्षरात: खोकल्याचं झाड, मूळ, ब्लीच एक मिनिट, ६ जून.

मला वाटलं, संपलं आता सगळं. पण ती काहीच बोलली नाही. एवढा वेळ बघत होती, तरी काही नाही. चष्मा नव्हता ना, वाचता आलं नसणार. नशीब.

मग म्हणाली, "मामी, हे काय उगवलंय?"

तोंडातून गेलं ते गेलं. "काही नाही गं. कंटॅमिनेशन."

"नक्की?"

"नक्की. हल्ली एसीतून काय काय येतं."

"मग असं उघड्यावर नका ठेवू. बाकीच्यांना लागेल." आणि प्लेट घेऊन चालू लागली कुकरकडे.

मी मागोमाग. "राहू दे गं, मी करते नंतर."

"तुम्ही कशाला? मला सवय आहे." पिशवीत घातली. झाकण लावलं, एकेक खिटी घट्ट पिळली. बटण दाबलं. मी शेजारी उभी. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

स्टूल ओढून ती काट्यासमोर बसली. काटा चढला. पुरेसा वेळ झाला तरी बंद करेना. म्हटलं, "झालं की गं, कधीच मेलं असेल."

"राहू दे अजून थोडं," म्हणाली, "कडक असलेलं बरं."

तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. वाफेजवळ बसली होती, घाम. मी रुमाल पुढं केला, घेतला नाही. दाखल्यावर सही केली मी, दोनदा कागद फाटला. तिनं तो वाचून न बघता घडी करून पर्समध्ये टाकला. एकतीस वर्षांतली एकच नवी बुरशी, आणि जिच्यामुळं मिळाली तिनंच नकळत शिजवून टाकली. आणि मी काही बोलूसुद्धा शकत नाही. बिचारीला काय माहीत!

रात्री घरीच मुक्कामाला थांबलीय. गॅलरीत मामाभाचीची कुजबुज चालली होती. मी चहा घेऊन गेले तर दोघंही गप्प. चहा तसाच राहिला.

१३ जुलै, रविवार

मुंगी सकाळीच निघाली. हे म्हणाले, "मी पोचवून येतो." म्हटलं, मोठी आहे ती आता, एकटी जाते की! ऐकलं नाहीत. बॅगही चांगली मोठी घेतली. स्वेटर, रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या, वन्संचा भिंतीवरचा फोटो. विसरभोळेपणाची हद्द आहे, एका दिवसासाठी एवढं सामान कुणी नेतं का?

दारात विचारलं, "जेवायला कधीपर्यंत याल?" माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ. इतका वेळ ह्यांनी माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं आठवत नाही. मग म्हणाले, "पाच मिनिटं, ना?"

मला वाटलं गाडीला पाच मिनिटं आहेत म्हणतायत. म्हटलं, "मग पळा."

दुपारभर साहेबांना काय सांगायचं ते जुळवत बसले. सभा तोंडावर आलीय. सांगेन, कंटॅमिनेशन निघालं. दाखवायला काही उरलेलं नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? प्रमुखाची जागा जाईल. जाऊ दे मेली.

संध्याकाळी ह्यांना तीनदा फोन केला. उचलला नाही. मग मुंगीला केला. तिनं उचलला.

"मामा पोचले. जेवले," म्हणाली.

"परत कधी निघतायत?"

पलीकडे कुणीतरी खोलीत भांडी लावत असल्याचा आवाज, आणि हे कुणालातरी विचारतायत, फोटो कुठं टांगू.

"तुम्ही जेवून घ्या," म्हणाली, आणि फोन ठेवला.

काही म्हणा, पोरगी मायाळू आहे. एवढं सगळं झालं तरी माझ्या जेवणाची काळजी. ह्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मी जेवून घेतलं.